लग्न लावलं कुणी?

१२ फेब्रुवारी १९७४
नोटीस आली — यांच्या वकिलाची. 'तुमचे आमच्या अशिलाशी कायदेशीर लग्न झालेलेच नाही.' सोळा वर्षं संसार केला! मॅट्रिक झालेली बाई मी, तरी पुन्हा पुन्हा वाचली. पोस्टमनच्या कागदावर सही केली, नावाआधी सौ. लिहून. सवयीनं.

यांनी परभणीत दुसरी करून घर मांडलं ते कळलं तेव्हा रडले होते. आज काही आलं नाही. भाकरी केल्या.

१३ फेब्रुवारी
बुद्धवंदना घेतली. मेणबत्ती अर्धीच जाळली. तूरडाळ संपत आली.

१८ फेब्रुवारी
परभणीला जाऊन आले. वकील दत्तराव चांगले, पण विचारतात कसं! 'लग्न लावलं कुणी?' सोनपेठच्या आश्रुबांनी. 'भटजी?' नाही हो, आम्ही बौद्ध. 'होम? सप्तपदी?' आमच्यात नसते. त्रिशरण, पंचशील, हार. 'मग भिक्खू असतील?' नाही — शेती करतात. गाथा तोंडपाठ म्हणून आमची लग्नं लावतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'बाई, त्यांना अधिकार दिला कुणी? समोरचा हेच धरणार.'

कुणी दिला? कधी विचारलंच नाही. मांडव भरलेला होता, एवढं आठवतं.

गाडीत नुसती बसून होते. आपलं गाव, पिंगळी, आल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा उतरले.

१९ फेब्रुवारी
सुला विचारते, 'आई, मग शाळेत माझ्या नावापुढं कुणाचं नाव लावायचं?' जेव म्हटलं.

२१ फेब्रुवारी
विहारात भंतेजी आलेत. त्यांना विचारलं. 'उपासिके, भिक्खूनं लग्न लावणं विनयात, संघाच्या नियमांत, बसत नाही. आम्ही आशीर्वाद देतो फक्त.'

म्हणजे अंगावर भिक्खूचं चीवर आहे त्यांनी लावायचं नाही — आणि ज्यांनी लावलं त्यांना चीवर नाही! हसू यायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी
एस.टी.नं सोनपेठ. आश्रुबा अंगणात तूर बडवत होते. 'ये सरजे! लेकीला न्हाई आणलंस?' साक्षीला चला म्हटलं. काठी थांबली.

'गाथा म्या म्हणल्या, खरं हाय. पर कोर्टात मला नको उभं करू, माय.'

काका, माझा संसार तुमच्या शब्दावर आहे.

'लय लग्नं लावली गं. कोणकोणतं सांगू?' — वर बघेनात. एरवी किती बोलणारा माणूस! चहा न घेता निघाले.

२ मार्च
दुपारी दारात तानुबाई. यांची ती. एवढीशी पोर, पोट दिसायलंय. 'अक्का, माझं लगीन बी आश्रुबांनीच लावलं. पहिलीशी काडीमोड झाली म्हणून ह्यांनी सांगितलं व्हतं त्यास्नी. तुमचं खोटं ठरलं की माझं पक्कं व्हतंय, असं ह्ये म्हणत्यात. तुमी भांडू नका.'

आश्रुबांना अधिकार नसेल, तर तिचंही लग्न नाही. असेल, तर माझं खरं — मग तिचं मुळीच नाही.

हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

भुकेली होती. आधी जेवू दिलं.