तगरवाली अळी

माय, मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या शेजारणीनं बेल वाजवली आणि दारातूनच म्हणाली, "ताई, आमच्या तुळशीला काय लागलंय बघा बरं. लई मोठं हाय." या सोसायटीत मला अळ्यांसाठीच बोलावतात. कुणाच्या कढीपत्त्यावर काही वळवळलं की ग्रुपवर फोटो येतो, लगेच कुणीतरी फवाऱ्याचं नाव सांगतं, आणि मी मधे पडते की बाबांनो, दम धरा, आधी ती कोण आहे ते तर बघू. पाठीमागं मला अळीवाल्या बाई म्हणतात, ते ठाऊक आहे मला. म्हणू देत. तर मी चष्मा लावून गेले आणि कुंडीशी वाकले. बोटाएवढी जाड, मातकट काळसर, शेपटाला बुटकं शिंग. पानाला तोंड लावत नव्हती, नुसती कुंडीच्या काठावरून गोल गोल हिंडत होती. तुझ्या शेवटच्या बरणीतली अळी. इतक्या वर्षांनी तीच माझ्यापुढं चालत होती आणि तिचं नाव मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नव्हतं.

उस्मानपुऱ्यातलं आपलं भाड्याचं घर आठवतं ना तुला, आणि मागचं ते हातभर अंगण. तगर, तुळस, तेलाच्या डब्यात लिंबू, मोरीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता. नळ कधी येईल याचा नेम नसायचा. टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन पळायची, आणि तू मात्र भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरून ठेवायचीस, झाडांसाठी. मालकीणबाई म्हणायची, माणसांना पाणी नाय अन् ही झाडं पाजतीय. तू म्हणायचीस, "व्हय, माझ्या वाटणीचं पाजते." अळी दिसली तर शेजारपाजारचे लोक राख टाकायचे, चिमट्यानं उचलून रस्त्यावर फेकायचे. तुझी तऱ्हा वेगळी. तुझं माहेर गंगापूरकडचं, मेंढरांमागं हिंडणारं. तू म्हणायचीस, कुठलं बी जनावर वळखायचं तर ते काय खातं ते बघावं. मग अनोळखी अळी काचेच्या बरणीत जायची, ज्या झाडावर सापडली त्याचाच पाला आत, तोंडाला पातळ फडकं. रोज पाला बदलायचं काम माझं. लिंबावरच्या अळ्या आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसायच्या, मग हिरव्या व्हायच्या, एक दिवस काडीला चिकटून गप बसायच्या, आणि पुढं फुलपाखरू निघायचं. ते बघून तू पदर तोंडाला लावून हसायचीस. पुस्तकातलं नाव आपल्याला कुठं ठाऊक होतं? लिंबवाली, कढीपत्तेवाली, रुईवाली, अशी आपली नावं.

तगरवाली मात्र कधी बरणीत गेली नाही. हिरवीगार, मानेशी दोन निळे डोळे काढल्यासारखे. पहिल्यांदा बघून मी किंचाळले होते आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. ती दरसाली यायची, चांगला ओळखीचा पाहुणा. "तिला बरणी कशापायी? ती आपल्या वळखीची हाय," असं तू म्हणालीस आणि विषय संपला. तिचं पुढं काय होतं, ती कुठं जाते, हे आपण कधी बघितलंच नाही.

मग ते साल आलं. भादवा कोरडा गेला आणि तू अंथरूण धरलंस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या, जे खातील ते द्या. एके दिवशी तूच खाटेवरून बोट दाखवलंस, तुळशीवर ती मातकट अळी होती. तुझ्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "बरणी आण," म्हणालीस. बरणी तुझ्या उशाशी ठेवली, तुळशीचा पाला घातला. खाल्ला नाही. कढीपत्ता घातला, लिंबू घातलं, शेजारच्या दारातली जास्वंद मागून आणली. तिनं कशालाच तोंड लावलं नाही, बरणीच्या बुडाशी हिंडत राहिली, काचेवर डोकं घासत राहिली. तगरीचा पाला घालायचं तुलाही सुचलं नाही, मलाही नाही. लिंबवाली खाणं संपलं की गप बसते, ही तर हिंडत होती, म्हणजे भुकेलीच. तुझ्या माहेरच्या लोकांना याच्याइतकं भ्या दुसऱ्या कशाचं नसतं, जनावरानं चारा सोडला की त्याचं काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "सोड गं तिला. तिचं झाड आपल्याला घावंना. आपण उपाशी मारली तिला." मी तिला तुळशीच्या बुडाशी सोडलं. तू भिंतीकडं तोंड करून रडलीस. एका किड्यासाठी रडतेस म्हणून मला राग आला होता, आणि किड्यासाठीच रडत होतीस का, हे विचारायची हिंमत नव्हती.

कारण खाणं तर तूही सोडलं होतंस. मी ज्वारीच्या कण्या करते, तू मान फिरवतेस. मोसंबीचा रस काढते, ओठ मिटून घेतेस. दूधभाकरीचा काला, चहात बुडवलेलं बिस्कीट, साबुदाण्याची पेज. चमचा घेऊन मी तुझ्यामागं, आणि तुझं एकच चाललेलं, इथं नको, माझं अंथरूण तिथं घाल. खिडकीखाली घातलं, तर दारापाशी. दारापाशी घातलं, तर अंगणात. मला वाटायचं, भुकेनं जीव तळमळतोय हिचा आणि हिला काय हवंय तेच मला कळत नाही. अंगणात तगरीजवळ अंथरूण घातलं तेव्हा कुठं तू शांत झालीस, आणि दुसऱ्या सकाळी गेलीस. मातीला आलेली मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "उपाशी गेली गं माझी बहीण." तिचं काही चुकलं असेल असं नाही, दुःखात माणूस बोलतं. पण माय, ते वाक्य माझ्या घशात अडकलंय. त्यानंतर एकही ताट मी सुखानं वाढून घेतलेलं नाही.

तर शेजारणीची अळी. ती कुठल्या झाडावरून आली ते शोधायला मी बाहेर गेले. कंपाउंडच्या भिंतीलगत तगरी लावल्यात, त्यातल्या एकीचा नुसता खराटा झालेला. आणि तिच्या खोडावरून एक अळी खाली उतरत होती. पोट अजून हिरवं, पाठ मातकट, मानेशी तेच दोन डोळे, काळपट पडत चाललेले. मी तिथंच फरशीवर बसले. तगरवालीच होती गं ती! आपल्या ओळखीची. खाणं पुरं झालं की ती रंग बदलते, झाड सोडते आणि जागा शोधत हिंडते. शेजारणीची अळी मी बरणीत घातली, यावेळी माती आणि वाळका पाला घालून. ती तडक पाल्याखाली शिरली आणि निपचित पडली. काही दिवसांनी एका सकाळी फडक्याला आतून पतंग बसलेला होता, हिरवा, गुलाबी, तुझ्या ठेवणीतल्या लुगड्याच्या रंगाचा. मी त्याला बाल्कनीत ठेवलं. समोर दौलताबादचा किल्ला आणि मधे नव्या इमारती. दिवे लागायच्या वेळी तो उडून गेला.

तिला आपण उपाशी मारलं नाही, माय. तिचं पोट भरलं होतं. तिला पाला नको होता, जागा हवी होती. हे तुला कळावं म्हणून लिहायला बसले. आता या कागदाचं काय करू? उस्मानपुऱ्यातल्या त्या अंगणात हल्ली गाड्या उभ्या राहतात. ठेवते घडी घालून. आणि खरं सांगू का, हे तुझ्यासाठी लिहिलंच नव्हतं. मावशी तसं म्हणाली तेव्हा "नाही गं, तिचं खाणं पुरं झालं होतं," असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. ते आज मीच मला सांगितलं, आणि उठून दोन घास खाल्ले.