साहेबांबरोबर नऊ खड्डे

३ नोव्हेंबर १९६८, रविवार
ठरलं. गोल्फ शिकायचा. कारखान्यात सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी झाली आहे आणि नवे मॅनेजर भरुचासाहेब रविवारी गोल्फ खेळतात, हे ऑफिसात फक्त मला माहीत आहे. चौक गावाच्या पुढे माळावर मेजर दिघे नावाच्या निवृत्त गृहस्थांनी छोटा कोर्स काढलाय. मेंबर व्हावं लागत नाही. तिकीट काढायचं, काठ्या भाड्याने घ्यायच्या, खेळायचं. तंबूतल्या सिनेमासारखं. महिन्याभरात साहेबांच्या तोडीचा होईन.
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्यापेक्षा ऑफिसात वेळेवर जाऊन बघा. हिला लांबचं दिसत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
पहिला धडा. एकूण नऊ खड्डे, प्रत्येकात बांबू, बांबूला लाल फडकं. हिरवळ म्हणजे गुरं ठेवतील तेवढी. मेजरसाहेब म्हणाले, चेंडूवरून नजर हलवू नका. नाही हलवली. चेंडूही हलला नाही.
शेवटी एक फटका बसला. काठीपण हातातून सुटली. चेंडूपेक्षा लांब गेली. ताकद आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार
नुसत्या रविवारांनी भागणार नाही. कंबर धरली म्हणून रजेचा अर्ज पाठवला. माझं टेबल धर्माजी साळवे सांभाळेल. पलीकडच्या आळीतला, सज्जन माणूस. महत्त्वाकांक्षा नाही बिचाऱ्याला. नुसता काम करत बसतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
कंबर खरंच धरली. म्हणजे अर्ज खोटा नव्हता. मन हलकं झालं. ही शेकते आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
धर्माजी बघायला आला. ऑडिट चालू आहे म्हणाला. भरुचासाहेब रोज त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहतात म्हणे. कीव आली. मी सुपरिंटेंडेंट झालो की त्याला सांभाळून घेईन.

२४ नोव्हेंबर, रविवार
साहेब भेटले. एकटेच आले होते. मेजरनी आमची जोडी लावून दिली. पहिले तीन खड्डे उत्तम गेले. म्हणजे साहेबांचे. चौथ्याला माझा चेंडू थेट माळावर गुरं चारणाऱ्या येसूबाईच्या म्हशीच्या पाठीवर. म्हैस उधळली ती ओढ्याकडे. येसूबाई म्हणाली, लागलं नाय रं तिला, पर बिथरली हाय, आता तूच आन. साहेबांच्या देखत म्हशीमागे धावलो. पण आणली. साहेब हसून हसून खाली बसले. ऑफिसात इतकं मोकळं कुणी पाहिलं नसेल त्यांना. चांगली जवळीक झाली.
चहा घेताना म्हणाले, फार मजा आली, तुम्ही काम कुठे करता? म्हटलं, आपल्याच कारखान्यात, हेडक्लार्क. साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, म्हणजे कंबर धरलेले ते तुम्हीच?
आता बरी आहे, म्हटलं.
ते म्हणाले, दिसली पळताना.

२५ नोव्हेंबर, सोमवार
कामावर हजर. साहेबांनी बोलावलं नाही. रागावले असते तर बोलावलं असतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
नोटीस लागली. सुपरिंटेंडेंट : धर्माजी साळवे.
संध्याकाळी पेढे घेऊन आला. ही मनापासून हसली, फार दिवसांनी. धर्माजी अवघडून बसला होता. म्हणाला, दादा, तुमचं टेबल सांभाळलं म्हणून साहेबांच्या नजरेत आलो, नाहीतर मला कोण विचारतंय. मनापासून बोलला, तेच बोचलं.
जाता जाता म्हणाला, साहेबांनी रविवारी गोल्फला बोलावलंय, काठी कशी धरतात तेही ठाऊक नाही, शिकवाल का?
एवढ्या कारखान्यात त्याने मलाच विचारलं. लगेच परसात नेऊन छत्रीने शिकवलं.

१ डिसेंबर, रविवार
धर्माजीला एकट्याने जायची भीती वाटत होती, म्हणून सोबत गेलो. साहेब म्हणाले, आज दोघंच खेळू. त्यांचंही बरोबर आहे. मग दोघांच्या काठ्यांच्या पिशव्या मी घेतल्या.
धर्माजीचा पहिलाच फटका सरळ लाल फडक्यापाशी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो, पण दोन्ही हात पिशव्यांत गुंतले होते.