पावडरची खोली

सोलापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय अक्का,

दवाखान्यातून सुटल्यावर दाजी वैरागला रमले, दोन वेळा भाकरी मागून घेतात, हे तुझ्याकडून फोनवर ऐकून बरं वाटलं. पण पुढं तू म्हणालीस, "तम्मा, तू होतास म्हणून माझं कुंकू राहिलं बघ." रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती, अक्का.

महिना होत आला, तरी तो मंगळवार डोळ्यांपुढून हलत नाही. दाजी टाकीत पावडर ओतत होते. मला हाक मारून म्हणाले, "छातीत पाखरू फडफडल्यावानी व्हतंय." मी वळेपर्यंत ते खाली पडलेले, ओठ निळे. दवाखान्यात कसं नेलं ते मला अजून नीट आठवत नाही. आठवतो तो डॉक्टरांचा प्रश्न. रक्तवाहिन्या साफ आहेत, साखर नाही, बीपी नाही, मग ठोके एवढे कसे बिघडले? हे काम काय करतात? तू सांगायला तोंड उघडलंस आणि तेवढ्यात मीच बोललो, "पॅकिंगला आहेत. टॉवेलच्या घड्या घालतात." तू माझ्याकडं बघितलंस. तुला वाटलं असेल, शिकलेला भाऊ आहे, काही विचारानंच बोलला असेल. विचार कसला, मी घाबरलो होतो.

यंत्रमाग बंद पडल्यावर मीच त्यांना आमच्या कारखान्यात आणलं. पहिल्याच दिवशी ते खुशीत म्हणाले होते, "हितं धूळच न्हाय की! लई चांगलं काम लावलंस." मलाही कौतुक वाटलं. मागावर नाकात कापूस जायचा, इथं सगळं स्वच्छ. पण धूळ होती, अक्का. टॉवेलात जंतू राहू नयेत म्हणून आम्ही चांदीची पावडर मारतो. तिला नॅनो म्हणतात. एका केसाच्या जाडीत तिचे हजारभर कण ओळीनं बसतील. ती डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या कापडी मास्कनं अडत नाही. डब्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की पंखा चालू ठेवा, खास मास्क द्या, श्वासातून जाऊ देऊ नका. तो कागद मी वाचला होता. आमचे मॅनेजर बापूसाहेब म्हणाले, पंख्यानं माल उडून वाया जातो. दिवाळीपासून पंखा बंद आहे. खास मास्क आलेच नाहीत, आणि दर महिन्याला 'मास्क दिले' याखाली सुपरवायझर म्हणून सही माझी.

त्या खोलीत दाजींच्या आधी जोतीराम होता. जानेवारीत चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या गेला, अडतिसाव्या वर्षी. मातीला गेलो तेव्हा त्याच्या बायकोला, फुलाबाईला, मी म्हणालो, हार्टचं काही सांगता येत नाही. आणि खरंच तसं वाटत होतं. दोघंही एकाच खोलीतले, हे माझ्या डोक्यात डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा पहिल्यांदा आलं. आणि त्याच क्षणी मी खोटं बोललो.

परवा एकटाच डॉक्टरांकडं गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, इतके बारीक कण फुप्फुसात थांबत नाहीत, रक्तात उतरू शकतात, ठोक्यांची लय बिघडवू शकतात. याच पावडरनं झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. "पण हे त्या दिवशी कळलं असतं, तर मी त्यांना कामावर जायचा कागद दिला नसता."

हे फोनवर सांगायला गेलो तर तू रडशील आणि मी पुन्हा काहीतरी खोटं बोलून सुटेन, म्हणून लिहितोय आणि आजच्याच एसटीच्या कंडक्टरकडं देतोय. बापूसाहेबांनी दाजींना सोमवारी बोलावलंय, त्याच खोलीत. पंखा चालू करा असं मी काल सांगितलं, तर म्हणाले, "दोघंबी तंबाखू खायचे. तू असलं लिहून देतोस का?" बंद पंखा, न आलेले मास्क, माझ्या खोट्या सह्या, सगळं लिहून दिलंय. त्याचीच एक प्रत सकाळी कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात दिली, दुसरी फुलाबाईच्या हातात. तिनं वाचून घेतली आणि दार लावून घेतलं. दाजींना सोमवारी पाठवू नकोस, अक्का. ते ऐकणार नाहीत, रिकामं बसणं त्यांना जमत नाही, पण तू अडव. शनिवारच्या गाडीनं दोघं या आणि हे पत्र डॉक्टरांना दे. दाजींच्या केसपेपरवर अजून 'पॅकिंग' असंच लिहिलेलं आहे; पेशंट समोर आला आणि लेखी मिळालं की बदलतो, असं डॉक्टर म्हणालेत. मी स्टँडवर थांबेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. दाजींची पिशवी तेवढी माझ्याकडं दे.

तुझाच तम्मा,
मृत्युंजय