बायकांचे पंचवीस फॉर्म

७ जानेवारी १९९६, रविवार. पलूस.
आम्रपाली सांगलीहून आली. एम.ए. सायकॉलॉजीचा प्रबंध आहे. पुरुष आणि बायका स्वतःला कसे समजतात, आणि त्यात आमची बौद्ध वस्ती व मराठा गल्ली यांत फरक पडतो का. पंचवीस पुरुष, पंचवीस बायका. प्रत्येकी चाळीस वाक्यं, पुढे होय किंवा नाही. बाईचं उत्तर बाईच्याच तोंडून घ्या आबा, असं तीनदा बजावलं. मी म्हणालो, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं फॉर्म तपासले, एकही परत आला नाही. मुदत २२ पर्यंत.
आम्रपालीची आई जाई जाऊन तीन महिने होतील. मी सावरलो आहे. घरात बसवत नाही म्हणून नव्हे, मुलीचं काम म्हणून घेतलं.

१० जानेवारी, बुधवार.
पुरुषांचे पूर्ण. वाक्य २३, 'मला चटकन रडू येते'. पंचवीसही जणांचं नाही. हरिबा बैल गेला तेव्हा भर चावडीत रडला होता. आठवण दिली. बाकीच्यांनी काय लिवलंय, म्हणाला. नाही, म्हटलं. मग माजंबी न्हाईच लिवा की, एकट्यानं कशाला!
पंचविसावा फॉर्म माझा. माझंही नाही. माझं खरं आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १.
बायका रानात तण भांगलायला गेलेल्या. माजी सुभेदार मानसिंग म्हणाला, आवं धनाजीराव, आमची बनुबाई काय येगळं सांगनार हाय? आना हिकडं. पाच मिनिटांत चाळीस वाक्यं. बनुबाई रानातच.
पद्धत सोयीची वाटली. वस्तीतल्या नवऱ्यांनाही तेच सांगितलं.

१५ जानेवारी, सोमवार.
चोवीस झाले. एक कमी. जाईचा भरतो. फॉर्मवर फक्त नाव आणि वय विचारलंय, हयात आहे का ते नाही. चौतीस वर्षांचा संसार. दहा मिनिटं पुरेत.

१६ जानेवारी, मंगळवार.
सहा वाक्यं झाली. सातवं, 'निर्णय मी स्वतः घेते'. नाही लिहिलं. मग आठवलं, पोरीला सांगलीला शिकायला पाठवायचं मी ठरवलं तेव्हा जाईनं तिची ट्रंक आधीच भरून ठेवली होती. खोडलं.
अकरावं, 'मला गाणं म्हणायला आवडतं'. कधी ऐकलं नाही. नाही.
तिसरा चहा. दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. काम नव्हतं.

१८ जानेवारी, गुरुवार.
शेजारच्या दगडाबाईकडे गेलो. केवळ पडताळणीसाठी. जाई गायची का?
ती हसली. आवं, लय म्हनायची! आमी खुरपी थांबवून ऐकायचो. तुमची सायकल दिसली की गप.
मला गाण्याचं वावडं आहे असं मी कधी म्हटलं होतं, ते आठवत नाही. चौदा रकाने रिकामे.

२० जानेवारी, शनिवार.
आम्रपाली आली. स्टँडवर तिला बनुबाई भेटली. तिनं विचारलं, पोरी, माज्या नावानं काय लिवलंय गं? तिथंच बाकावर बसून नवा फॉर्म भरला. चाळीसातली एकतीस उत्तरं वेगळी.
चोवीस फॉर्म बाद. मी म्हणालो, एकही रकाना रिकामा नाही. ती म्हणाली, तेच तर. आणि आबा, दोन्हीकडचे नवरे अगदी सारखे निघाले, फरक कसला शोधू?
जाईचा फॉर्म तिनं बराच वेळ हातात धरला. मग पर्समध्ये ठेवला.

२१ जानेवारी, रविवार.
नवे फॉर्म भरायला दगडाबाईच्या अंगणात सगळ्या बायका जमल्या. मला लांब थांबायला सांगितलं. हसणं इथपर्यंत येत होतं. मग दगडाबाई कसलंसं गाणं म्हणू लागली. जाईचंच असणार. नीट ऐकू यावं म्हणून पुढे गेलो.
सगळ्या गप्प झाल्या.
एखादा फॉर्म इथे राहिलाय का, असं काहीतरी विचारून परत आलो.
माझ्या फॉर्मात वाक्य २३ दुरुस्त करायचं होतं. स्टँडवर पोचलो, तोवर आम्रपाली गठ्ठा घेऊन पावणेसहाच्या गाडीनं गेली होती.