दाराच्या आतला आकडा

४ फेब्रुवारी

प्रिय हातोडी,

अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल, हात चालते असतील. माझा गुडघा कुरकुरतो, आवाज मात्र शाबूत आहे. गेल्या आठवड्यात गोदी कामगारांच्या सभेत तासभर बोललो. मध्येच माईक बंद पडला, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भोंग्याला वीज कशाला लागते?"

तू हल्ली हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी धुराच्या नळ्या वाकवतेस असं कळलं. कुठलंही काम हलकं नसतं हे मीच शंभर व्यासपीठांवरून सांगितलंय. तरी ऐकून बरं वाटलं नाही.

हिरवी मजेत आहे. परवा तिला टेकडीच्या रस्त्याला नेलं होतं. तिसऱ्या वळणानंतर चढावर ती जो सूर धरते, तो तुला आठवत असेलच. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा तू शेजारच्या सीटवर मान मागे टाकून इतकी हसलीस, की मला वाटलं तुला ठसका लागला. अशा एकेचाळीसच बनल्या साऱ्या जगात, आणि त्यातली एक आपल्या शेडमध्ये! बाकी तिचे नखरे चालूच आहेत. कार्बोरेटर सकाळी खोकतो. सुटे भाग समुद्रापलीकडून यायला चार-चार महिने लागतात आणि डबा उघडावा तर नेमका दुसऱ्याच गाडीचा भाग निघतो. माझी पुस्तकांची कपाटं अजून रिकामीच आहेत. हिरवी घेण्यासाठी मी सगळी पुस्तकं विकली, तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "दादा, आता बोलणार काय?" त्या फळ्यांवर हल्ली गॅस्केट, पिस्टन आणि दोन जुनी स्टिअरिंग चाकं ठेवलीत.

मालकांच्या विरोधात आयुष्यभर घसा कोरडा करणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला हवी, हे लोक मला तोंडावर विचारतात. त्यांना मी काहीतरी चमकदार उत्तर देतो. खरं उत्तर फक्त तुला माहीत आहे. बाबा अशा गाड्या दुरुस्त करायचे आणि चालवून बघण्याआधी सीटवर वर्तमानपत्र पसरायचे, त्यांच्या पँटचं तेल मालकाच्या चामड्याला लागू नये म्हणून. त्या कागदांवरच मी वाचायला शिकलो. मला एकदा कागदाशिवाय बसायचं होतं.

आणि शोधण्यातली ती सहा वर्षं! प्रत्येक रविवारी तू, मी, चहाचा थर्मास आणि नकाशा. बंद गिरण्या, तबेले, पडकी गोदामं. तू ढिगाऱ्याखाली डोकं घालून नुसत्या वासावरून सांगायचीस, "चल दादा, इथे ट्रॅक्टर मेलाय, गाडी नाही." तेवढं सुख मला कुठल्या टाळ्यांनी दिलं नाही.

बरं, काम असं आहे. टॉवरचं घड्याळ सांभाळायचे त्या घड्याळजींच्या पत्नी, त्या आजी आठवतात ना? हिरवीला मूळची दारं आणि बॉनेट नव्हतं, म्हणून तशीच दुसरी गाडी, गंजकी, ज्यांच्या शेडमधून आणली त्या. त्यांचं पत्र आलंय. ऐंशी पूर्ण झाली. 'गाडी चालती केली असेल, तर एकदा बसवा' असं लिहितात. पंचवीस तारखेला येणार आहेत. हिरवीचं डावं दार अलीकडे नीट लागत नाही, दोनदा आपटावं लागतं. ते दार तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. दोन दिवस येऊन जा. प्रदर्शनाच्या मैदानावर त्या दिवशी जे झालं, ते आपण दोघांनीही आता उगाळू नये असं मला वाटतं.

तुझा दादा

१३ फेब्रुवारी

हातोडीस,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, खाली नाव नाही, एकच ओळ: 'दाराच्या आत काय कोरलंय ते आधी आजींना सांग.'

झालं समाधान? दोन वर्षांनी लिहिलंस आणि हे लिहिलंस.

मग मीही विचारतो. ग्राइंडर कुणाच्या हातात होता? गंजकीचं नाक आणि दारं कापून काढली कुणी? मी तर पत्रा कापायला शिकलोही नाही. बाबांनी ती कला तुला दिली, मला तोंड दिलं. आता तू म्हणशील, मी दोन दिवस मागितले होते. मागितले होतेस. "दादा, आधी दाराचं अस्तर काढून आत बघते, मग कापू." प्रदर्शन तोंडावर होतं. दोन दिवस कुठून आणायचे होते मी?

आणि आजींना सांगून काय होणार आहे? म्हातारीला एक संध्याकाळ आनंदात घालवू दे. सत्य सत्य म्हणून सगळ्यांच्या डोक्यात घालायची वस्तू नसते.

दाराचं मी बघून घेईन.

दादा

२ मार्च

प्रिय हातोडी,

मागचं पत्र फाडून टाकलं असशील तर बरं केलंस. नसशील फाडलं, तर ठेव. मी कसा आहे, याचा माझ्या अक्षरातला पुरावा आहे तो.

आजी आल्या. कापडी बूट, हातात काठी, सोबत कुणी नाही. हिरवीकडे बघून म्हणाल्या, "रंग बदललात होय?" मी लगेच सुरू झालो. या गाडीचा इतिहास, तो कारखाना, ते एकेचाळीस. त्यांनी काठी वर केली. "अहो भाषणवाले, जरा बसू तर द्या."

बसल्या. दार ओढून घेतलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं. मग त्यांचा हात दारावर खाली खाली गेला आणि काच वरखाली करायच्या मुठीवर थांबला. ती मूठ तुटली होती तेव्हा घड्याळजींनी घरीच एक बनवली होती, टॉवरच्या घड्याळाची किल्ली कापून. मी दोन वर्षं रोज ती मूठ फिरवतोय आणि कधी नीट बघितलीही नाही.

"दार आमचं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी कुणाची?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे अशा वेळेला कायम काहीतरी तयार असतं, तुला माहीत आहे. त्यांच्या शेडमध्ये उभा राहून मीच अर्धा तास पटवलं होतं की त्यांची गाडी म्हणजे निव्वळ भंगार, तिला फक्त माझ्यासारखा माणूस वाचवू शकेल. शेवटी त्यांनी एकच अट घातली, कापायची नाही. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

"आज नका बोलू," आजी म्हणाल्या. "नुसतं दाखवा."

मी त्यांना मागे नेलं आणि ताडपत्री उचलली. गंजकीचा उरलेला मागचा भाग तिथेच आहे. मी तो विकलाही नाही, फेकलाही नाही.  आजी मागच्या सीटवर जाऊन बसल्या. समोर काही नाही, ना स्टिअरिंग, ना काच, नुसती भिंत. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कुणी कापली?"

हातोडी, हाच प्रश्न होता गं. मैदानावरही हाच होता. बिचाऱ्या परीक्षकाने भिंग लावून हिरवीच्या इंजिनाशेजारचा तेवीस हा आकडा बघितला आणि जुन्या गाड्यांच्या सगळ्या मंडळासमोर विचारलं, "हा आकडा अलीकडे ठोकलेला दिसतोय. या गाडीवर हात कुणी चालवला?" तू माझ्या मागेच उभी होतीस, हातात फडकं घेऊन. मी म्हटलं, "माझ्या बहिणीने. मी तिच्यावर विश्वास ठेवला होता."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. एवढा परिणाम दुसऱ्या कुठल्याच भाषणाचा झाला नाही. मंडळाच्या यादीतून कारागीर म्हणून तुझं नाव गेलं, महिन्याभरात तुझ्याकडे येणाऱ्या गाड्या थांबल्या आणि ज्या हातांनी पत्र्याला अंग दिलं ते नळ्या वाकवायला लागले. तू तेव्हा एक शब्दही बोलली नाहीस. मी त्याला तुझी कबुली समजलो. म्हणजे, समजलो असं लोकांना सांगितलं.

आता जे पहिल्या पत्रात टाळलं आणि दुसऱ्यात उलटं करून तुझ्यावरच फेकलं, ते लिहितो. मला माहीत होतं. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी तू गंजकीच्या कापलेल्या दाराचं अस्तर काढलंस आणि मला हाक मारलीस. आतल्या पत्र्यावर, कारखान्यातल्या कुणा कामगाराने खिळ्याने कोरलेला तेवीस. तेवीस नंबरची गाडी कारखान्याने एकच केली होती. तू हातातलं सगळं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "दादा, आपण खरी कापली." म्हणजे हिरवी कुठल्यातरी साध्या गाडीवर कुणीतरी आधीच रचलेली, आकडा ठोकून मला विकलेली. मी सहा वर्षं शोधली ती गाडी मला मिळाली होती, आणि मी तिला बनावट गाडीसाठी कापायला लावलं. दोन दिवस थांबलो असतो तर ती पूर्ण उभी असती. आणि तुला म्हटलं, "अस्तर लाव परत. कुणाला कळायची गरज नाही."

खोटा आकडा तू ठोकलेला नाहीस, तो हिरवीच्या खरेदीच्या कागदावर आधीपासून होता, हे मैदानावर सिद्ध करायला मला फक्त तो कागद आणि ते दार उघडून दाखवायचं होतं. पण मग खरी गाडी मी कापली, हेही दिसलं असतं. मी दार बंद ठेवलं.

आजींना मी सांगितलं, "मी कापली."

त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर ती मुलगी होती ना, दार तीनदा उघडून, बंद करून कान देणारी? जाताना मला म्हणाली होती, 'आजी, हिला हात लावीन तो जोडायलाच.' तिच्या भरवशावर दिली होती मी. तुमच्या नाही."

एवढी वर्षं मी समजत होतो, माझ्या बोलण्याने दिली.

मग सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. जाताना मूठ काढून मागितली. मी स्क्रू ड्रायव्हर आणला, काढून दिली. त्यांनी ती पदराने पुसली आणि परत माझ्याच हातात ठेवली. "तिला पाठवा."

रविवारी मंडळाच्या बैठकीत दार घेऊन गेलो, अस्तर काढून टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हटलं, "हा खरा आकडा. खरी गाडी मी कापून घेतली. बहीण नको म्हणत होती. नंतर मी तिच्यावर ढकललं." बसलो.  परीक्षक भिंग खिशात ठेवत म्हणाला, "म्हणजे आता दोन्ही गेल्या." त्यांना गाड्यांचं वाईट वाटलं. तुझं नाव यादीत परत घ्या, म्हणून मी तिथेच लेखी दिलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. माझं नाव मात्र त्याच बैठकीत कापलं. त्याला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

हिरवी आता शेडमध्ये बिनदाराची उभी आहे. शेजारी ताडपत्री काढून गंजकीचा मागचा भाग. पुढचं नाकही उतरवून त्याच्यापुढे ठेवलंय. मधे माणूसभर जागा उरते. तिथे उभं राहिलं की दोन्ही तुकड्यांच्या कडा दिसतात. तू कापलेल्या कडा, एवढ्या सरळ की जोडणारीला त्रास होऊ नये म्हणून कापल्यासारख्या. तुला ये म्हणायला तोंड नाही. ज्या तोंडाने एवढं केलं, त्याने आणखी काही मागू नये.

सोबत मूठ पाठवतोय. तिचा स्क्रू घड्याळाचा आहे, बारीक. डबा उघडताना सांडू देऊ नकोस.

खाली 'तुझा दादा' लिहून खोडलं. ती हाक तुझी आहे. तू मारलीस तर माझी.

आजींना दिलेलं उत्तर तेवढं सही म्हणून लिहितो.

ज्याने गाडी कापली, तो