कानबाईच्या दिवशीचा खेळ

१८ जुलै २०२५, शुक्रवार

आजही एक आला! एकच. उखर्डू आबा. तीनच्या खेळाला अडीचलाच हजर. पंख्याखालची ठरलेली खुर्ची, आणि नावं संपायच्या आत घोरायला सुरुवात. इंटरव्हलला उठवून चहा दिला. नवा सिनेमा कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, गार वाटलं.

आणि नानांचा चेहरा असा, की हाउसफुल्ल!

२१ जुलै

माझ्या मैत्रिणीचा, ऋतिकाचा, पुन्हा फोन. पुण्यात तिच्या स्टुडिओत आवाजाच्या कामाला माणूस हवाय. पाच ऑगस्टनंतर ते थांबणार नाहीत. म्हणते, वडिलांना एकदा सांगून तर टाक.

काय सांगू? नाना एसटीतून रिटायर झाले आणि या बंद पडलेल्या कापसाच्या जुन्या जिनिंगचं थिएटर करायच्या मागे लागले. गूळ-बेलफळ घालून चुना मळला, तेव्हा गवंड्यांबरोबर स्वतः उभे होते. छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या तशाच ठेवल्या. अजून त्यांच्यावरून कापसाचा एखादा तंतू सुटतो आणि पडद्याकडे जाणाऱ्या उजेडात तरंगत राहतो. थिएटर देखणं आहे, खोटं कशाला बोलू.

पण सासर सोडून आले तेव्हा मी म्हटलं होतं, थोडे दिवस तिकीट खिडकी बघते. आता मशीन मी, आवाज मी, झाडूही मीच. कोंडून घातल्यासारखं वाटतं. ओरडले तरी बाहेर जायचं नाही — भिंती दोन-दोन हात जाड!

उद्घाटनाला नारळ हातात धरून नाना गावासमोर बोलले होते — एक माणूस आला तरी खेळ होईल, आणि ज्या दिवशी एकही येणार नाही, त्या दिवसापासून कुलूप. शब्दाचे पक्के आहेत. म्हणून मी रोज त्या शून्याची वाट बघते. रोज उखर्डू आबा येतात.

२५ जुलै

सुचलं!

कानबाई. देवीचा सण, नागपंचमीनंतरचा रविवार, तीन तारीख. दरवर्षी आम्ही त्या दिवशी बंद ठेवतो. यंदा उघडं ठेवलं तर? घरोघरी रोटांचा नैवेद्य, सुरतेहून आलेले पाहुणे, रात्रभर गाणी — सिनेमाला येतंय कोण!

नानांना म्हटलं, गावात पाहुणे येतात, यंदा उघडं ठेवू. ते म्हणाले, बरं.

एवढंच.

२९ जुलै

आबांना चहा देता देता सहज विचारलं. त्यांच्या भाऊकीची कानबाई यंदा त्यांच्याच घरी बसणार आहे. म्हणजे रविवारी ते काही हलत नाहीत. सुटले!

मग नाना पडद्यापुढे उदबत्ती फिरवताना दिसले. स्वतःची शिसारी आली. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

२ ऑगस्ट

उद्या कोणी आलं तर? — नाही आलं तर?

३ ऑगस्ट, रविवार

कोणी आलं नाही.

अडीचला खिडकी उघडली. गल्लीत रोटांचा वास, लांबून कानबाईची गाणी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तीन वाजले. नानांनी नेहमीसारखी उदबत्ती लावली, रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "कुलूप लई ये."

मी आणलं. नानांनीच कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली मला दिली. काकांकडे कानबाईच्या पंगतीत नानांनी दोनदा खीर मागून घेतली. दुःख गिळायला माणूस असंच करत असेल. मी बापाचं स्वप्न मारलं, आणि पुण्याला जायचा आनंदही होत नाहीये. ऋतिकाला फोनसुद्धा केला नाही.

४ ऑगस्ट

विसर्जनाच्या मिरवणुकीत नाना नाचले! टोपी खिशात कोंबून, उखर्डू आबांचे हात धरून फुगडी घातली. थिएटर झाल्यापासून त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी दिसले तशी ओशाळले. धापा टाकत जवळ आले.

"मी कव्हाना थकेल शे, पोरी. तू सासर सोडीसन उनी, तुले काम पाहिजे म्हनीसन चालू ठेयेल व्हतं."

कधीचे थकलेले, आणि फक्त माझ्यासाठी चालू ठेवलेलं! तेवढ्यात मागून आबा आले आणि नानांचा खांदा धरून म्हणाले, "आते तरी दुपारले माले मन्हा घर झोपू देशी ना? का आजबी उठाडाले येशी?"