लोखंड निवताना

४ मार्च
लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. वही उशीखाली, मी गावभर! आज मात्र लिहिल्याशिवाय झोप नाही.
ज्या काकांकडे मी भाड्यानं राहते, त्यांनी काल दगड फोडायच्या यंत्राची चौकट वेल्ड केली. जाड पट्ट्या, पण जोड कसा—रेशमी. आज बघते तर त्याला उभी चीर. कुणी हातही लावला नव्हता!
कारखाना काकांच्या धाकट्या भावाचा. सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तुझे डोळे गेले. घरी बस."
काकांनी हातमोजे काढले. निघाले. मी मागे जोड घासत राहिले, माझं कामच ते. रडू येत होतं.

५ मार्च
काकू चिडल्यात. "सकाळपासून सुईत दोरा ओवतायत! ओवला जातोय, तरी म्हणतात नजर गेली."

७ मार्च
धाकट्यांनी स्वतः दुसरी चौकट जोडली. वाकू नये म्हणून चहूबाजूंनी क्लॅम्प, अगदी करकचून. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. बाहेर एकजण पोपटाला शिव्या शिकवत होता, मी तिकडेच रमले. तेवढ्यात आत—टण्!
तीच चीर, तीच जागा. धाकटे पांढरेफटक. "कुणाला बोलू नकोस."
मला सांगतात! माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. घरी येऊन काकांना सगळं सांगितलं.
"क्लॅम्प सोडले होते?"
"नाही."
काकांनी सुई-दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तापलेलं लोखंड निवताना आखडतं गं. आवळून धरलं की आखडायला जागाच नाही. ओढ आतच राहते. वरून जोड देखणा, आतून तटतटलेला. धाकटा म्हणाला आवळ, मीही आवळलं. डोळे नाही गेले, अक्कल गेली होती!" आणि हसले. केवढं बरं वाटलं!
काकू म्हणाल्या, "मग सांगा की भावाला."
"त्यानं विचारलं तर."
"तो विचारतोय! आई गेल्यापासून उंबरा चढलाय का?"

८ मार्च
न राहवून मीच धाकट्यांना काकांचा उपाय सांगितला—क्लॅम्प सैल ठेवा, आधी पट्ट्या तापवा, थोडं थोडं आलटूनपालटून जोडा, झाकून सावकाश निवू द्या. म्हणाले, "तू घास."

९ मार्च
तिसरीही तशीच आवळून जोडली, तडकली. इकडे हाताला काम नाही म्हणून काका पुन्हा सुई-दोरा घेऊन बसलेत. बघवत नाही.

१० मार्च
दार वाजलं. मला वाटलं दूधवाला. धाकटे आलेत! उंबऱ्याबाहेरच उभे. मान खाली.
"दादा, या खेपेला सुरुवात कुठून करू?"